बँडकॅम्पवरून स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक संगीत शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून मी स्वतंत्र कलाकारांचे इलेक्ट्रॉनिक संगीत जवळजवळ पूर्णपणे बँडकॅम्प या संकेतस्थळावरूनच शोधतो आणि विकत घेतो; तेथे कलाकार आपले संगीत थेट श्रोत्यांना विकतात. सोलापुरात या संगीताचे चाहते माझ्या ओळखीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यामुळे नवे काय आले आणि त्यातले ऐकण्याजोगे कोणते, हे सांगणारे जाणकार कोठून मिळवायचे, हाच माझ्यापुढचा मुख्य प्रश्न होता. तो येथे बराचसा सुटला.

प्रत्येक अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रे दिसतात आणि काहींनी आवडत्या ट्रॅकच्या नावासह दोन ओळींचा अभिप्रायही दिलेला असतो. चित्रावर टिचकी मारली की त्या व्यक्तीचा संग्रह उघडतो. पदरचे पैसे खर्च करून घेतलेल्या वस्तूची शिफारस आणि यंत्राने सुचवलेले पुढचे गाणे यांत किती अंतर आहे, हे मला याच वाटेने गेल्यावर कळले. मात्र निवड जपून करावी लागते. हजारो अल्बम जमवलेल्या संग्राहकाकडून फारसे हाती लागत नाही. आपल्याकडचे दोन-तीन अपरिचित अल्बम ज्याच्याकडेही आहेत, अशा माणसाचा संग्रह मात्र सावकाश चाळावा.

अशाच एका संग्रहातून मी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील ध्वनिफितींच्या संकलनापर्यंत पोहोचलो. 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने त्या संस्थेत मूग सिंथेसायझरचा (विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याचा) स्टुडिओ उभा राहिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तेथे रचना केल्या. पुढे विस्मरणात गेलेल्या या फिती ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांनी शोधून काढल्या आणि त्यांतील निवडक संगीत 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या देशात इतक्या आधी हे घडले होते, याची मला कल्पनाही नव्हती. केवळ या एका शोधासाठीही मी या सेवेचा ऋणी आहे.

बातम्या आणि समीक्षेसाठी ‘बँडकॅम्प डेली’ हा संपादकीय विभाग आहे. त्यातील एखाद्या शहरावरचे किंवा छोट्या लेबलवरचे (संगीत प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेवरचे) दीर्घ लेख मला महिन्याच्या याद्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटतात, कारण त्यांतून संगीतामागची माणसे कळतात.

ऐकण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. खरेदीनंतर एमपी3 किंवा मूळ ध्वनीचा दर्जा जपणाऱ्या फ्लॅक, वेव्ह यांपैकी हवी ती फाइल उतरवून घेता येते. आमच्या घरालगत यंत्रमागाचा कारखाना आहे आणि माग सुरू असताना अँबियंट (संथ, वातावरणनिर्मिती करणाऱ्या) संगीतातील मंद स्वर साध्या इअरफोनवर पूर्णपणे बुडून जातात. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतल्यावर मात्र खालचा बेस आणि त्यावर तरंगणारी बारीक खरखर वेगवेगळी ऐकू येऊ लागली. फोनच्या स्पीकरवर ऐकून कोणत्याही अल्बमबद्दल मत बनवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

डिजिटल विक्रीतून कंपनी 15 टक्के घेते; कलाकाराची विक्री ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास हा वाटा 10 टक्क्यांवर येतो. ठरवून दिलेल्या काही शुक्रवारी ती आपला वाटा सोडते. मार्च 2020 मध्ये, महासाथीच्या काळात, ही प्रथा सुरू झाली. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे मोजला जातो, म्हणून आपल्याकडे तो तेथील उन्हाळी वेळेत दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. सकाळीच खरेदी केली, तर कलाकाराला त्या सवलतीचा लाभ मिळत नाही. पैसे डॉलर, पौंड, युरो अशा परदेशी चलनांत भरायचे असल्याने कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावेत. माझ्या बँकेने सुरुवातीचे व्यवहार वारंवार नाकारले होते.

काळजी आहे ती मालकीची. 2022 मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने बँडकॅम्प विकत घेतली, 2023 मध्ये ती साँगट्रेडर या संगीत परवाना कंपनीकडे गेली आणि त्या वेळी जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना नव्या मालकाकडे स्थान मिळाले नाही. त्यामुळे प्रत्येक खरेदीची फ्लॅक प्रत मी त्याच दिवशी हार्ड डिस्कवर उतरवतो, आणि आवडलेल्या लेबलांच्या स्वतःच्या ईमेल यादीतही नाव नोंदवून ठेवतो.