चारही सेन्सर बदलले म्हणून २०,८०० घेतले, बदलला फक्त एक

जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. टायर प्रेशर सेन्सरच्या (चाकाच्या आत बसून हवेचा दाब गाडीला कळवणारा) नावाखाली एका गॅरेजवाल्यानं माझ्याकडून २०,८०० रुपये काढले. चार सेन्सरचे १७,४००, प्रोग्रामिंगचे (गाडीला नवीन सेन्सरची ओळख करून देणं) २,४००, टायर काढणं-बॅलन्सिंगचे १,०००. प्रत्यक्षात बदलला एकच, बाकी तीन चाकांना हातसुद्धा लावला नाही. नुसत्या सेन्सरचेच १३,०५० रुपये गिळले, वरचे वेगळेच.

गाडी २०१२ची. स्टार्ट केली की डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग तसाच पेटून राहायचा. हवा कमी असली तर तो लुकलुकत नाही, सरळ पेटतो. आधी लुकलुकला म्हणजे बिघाड सिस्टीममध्येच आहे, हे मला माहीत होतं, हवाही मोजून घेतली होती, चारही चाकांत बरोबर. म्हणजे मी काही न समजता गेलो नव्हतो. कुठला सेन्सर गेलाय एवढंच बघून घ्यायचं होतं.

तो म्हणाला चारही गेलेत. आणि हे पटतं, कारण अर्धं खरं असतं. या सेन्सरची बॅटरी आत सील असते, वेगळी बदलता येत नाही, साधारण ५ ते १० वर्षं चालते, आणि चारही एकाच वेळी बसवलेले असल्यामुळे एक गेला की बाकीचेही मागोमाग जाऊ शकतात. चांगला मेकॅनिकही जुन्या गाडीला एकदमच चार बदला म्हणतो. त्याचाच हे लोक फायदा घेतात.

पण एक क्षण माझ्या डोक्यातून जातच नाही. त्याच्या हातात ते छोटं टूल होतं, व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं की सेन्सर जागा होतो आणि आपला आयडी (प्रत्येक सेन्सरचा वेगळा नंबर) आणि प्रेशर पाठवतो. पुढच्या दोन्ही चाकांना बीप वाजला, मागच्या उजव्याला वाजला, मागच्या डाव्याला काहीच नाही. स्क्रीनवर ३२, ३१, ३२ आलेलं मी डोळ्यांनी बघितलं. विचारलंसुद्धा, अहो हे तर रीडिंग देतायत ना? तर म्हणे, "ती गाडीतली जुनी मेमरी आहे दादा, सेन्सर मेलेत." आणि टूल स्वतःकडे वळवून घेतलं. अरे, गाडीची मेमरी दिसायला ते टूल गाडीला जोडलेलं तरी पाहिजे ना, वायर कुठेच नव्हती! मेलेला सेन्सर उत्तर देतच नाही. तिथेच सगळं उघडं पडलं होतं. पण समोरचा माणूस रोज हेच काम करतो, इतक्या ठामपणे सांगतो, तिथे ग्राहकानं काय वाद घालायचा? आणि काम चालू असताना सेफ्टीचा नियम सांगून मला बाहेर बसवलं.

दिवा गेला, मी पैसे दिले. काही महिन्यांनी दिवा परत सुरू. या वेळी दुसऱ्या टायरवाल्याकडे गेलो, त्याने चाकाकडे बघूनच सांगितलं की हे उघडलेलं नाहीये. सेन्सर बदलायचा तर टायर रिमवरून उतरवावा लागतो, व्हॉल्व्हचा नट, रबर सील नवीन येतं, बॅलन्सिंग परत होतं. माझ्या तीन चाकांच्या नटावर पांढरी बुरशीसारखी गंजाची पूड जमलेली, आणि बॅलन्सिंगच्या वजनांवर जुना काळा थर तसाच. बंद पडलेला काढून बघितला तर त्यावर २०११ची तारीख.

मग घरी येऊन बिलाला स्टेपल केलेला त्यांचाच स्कॅन रिपोर्ट काढला. त्यात तीन आयडी छापलेले, चौथा रिकामा. आत्ताच्या तीन सेन्सरचे आयडी तेच. स्वतःच्या कागदावर स्वतःची चोरी छापून दिली होती.

गॅरेजवाल्याचं उत्तर तयारच, "आम्ही जुने आयडी नवीन सेन्सरवर क्लोन केले." क्लोन म्हणजे जुना आयडी नवीन सेन्सरवर कॉपी करणं, तो करता येतो हे खरं आहे. पण क्लोन करतात ते गाडीला नवीन आयडी शिकवायला लागू नये म्हणून, मग प्रोग्रामिंगचे २,४०० कशाचे? आणि नवीन सेन्सरवर २०११ची तारीख कुठून आली?

हे सगळं मी ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारीत लिहिलं, फोटो लावले, दोन्ही ठिकाणचे रिपोर्ट लावले. हेल्पलाइनवाल्यांनी गॅरेजला विचारलं, गॅरेज म्हणालं क्लोन केलंय, आणि यांनी तक्रार बंद केली. "निराकरण झाले" असा मेसेज मला! मला एक फोन नाही. परत फोन केला तर म्हणे नवीन तक्रार टाका, ती टाकली तर म्हणे याच विषयावर आधी तक्रार आहे. पोलिसांकडे गेलो तर हा दिवाणी मामला आहे, ग्राहक कोर्टात जा. गाडीच्या कंपनीचा कस्टमर केअर म्हणतो गॅरेज आमचं नाही. सगळ्यांचं एकच, ही टेक्निकल बाब आहे. अहो, दोन कागदांवरचे आकडे जुळवून बघायला कसली आलीय टेक्निकल बाब? चोरी करणारा निवांत आणि पुरावा घेऊन दारोदार फिरायचं ते आम्ही!

जुने सेन्सर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी मागितले तेव्हा स्क्रॅपला गेले म्हणाले. टूल चाकाला लावताना स्क्रीनचा फोटो काढा, कामाआधी आणि नंतर, चारही आयडीसकट. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) चाकाचा वेग मोजते त्यावरून हिशेब होतो, त्यामुळे आपल्या गाडीत कुठली सिस्टीम आहे ते मॅन्युअलमध्ये आधी बघून जा, नाहीतर नसलेल्या सेन्सरचेही पैसे लावतील. बिलावर पार्ट नंबर लिहून मागा, माझ्या बिलावर नुसतं "सेन्सर ४ नग" आहे आणि त्याच ओळीवर ते सुटलेत. सेन्सर ज्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर सिग्नल पाठवतो तीसुद्धा बघा, गाडीची सिस्टीम ३१५ मेगाहर्ट्झची असेल तर ४३३ मेगाहर्ट्झचा सेन्सर तिच्याशी बोलणारच नाही.

मी आता ग्राहक आयोगात जातोय. ज्या टायरवाल्याने सेन्सर काढून दाखवला त्याच्याकडून लेखी घेतलंय, आणि उरलेले दोन जुने सेन्सर अजून चाकातच ठेवलेत, पुरावा म्हणून.