ड्रेसाजचे सात महिने आणि डावीकडचा दोन सेंटिमीटर लांब पट्टा

घोडेस्वारीच्या क्लासचं चौथं पॅकेज घेणार का, हे पागेच्या ऑफिसला परवापर्यंत कळवायचंय. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला एका पागेत जानेवारीपासून ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून बारीक इशाऱ्यांवर नेमक्या चाली करून घ्यायची घोडेस्वारी, शिकतेय. दहा क्लासचे पंधरा हजार, क्लास पंचेचाळीस मिनिटांचा, मुदत साठ दिवस. तीन पॅकेजं झाली, म्हणजे पंचेचाळीस हजार. त्याआधी दोन वर्षं नुसतं फिरायला घोड्यावर बसत होते. पडत नव्हते, पण ती मांड नव्हती. गुडघे आवळून तग धरणं होतं. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण घेतलं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं. त्या चौघांची स्वारी पुन्हा पुन्हा पाहिली. घोडा खाली एवढा हलतोय आणि वरचा माणूस शांत, हे कसं, एवढं एकच डोक्यात बसलं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. पहिले सहा क्लास सरांनी लंजवर घेतले, म्हणजे ते मध्ये उभे राहून लांब दोरीने घोडी गोल फिरवायचे. रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढलेल्या, लगाम हातात नाही, हात कधी पसरलेले तर कधी कमरेवर. बरोबरच्या दोघांनी कुरकुर केली की गोल गोल फिरायचे एवढे पैसे कशाला. माझं मत विचाराल तर सगळ्या पैशांत हेच सहा क्लास वसूल झाले. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊंना कित्येक महिने असंच लंजवर बसवतात, ते उगाच नाही. धरायला काही नसलं की बैठकीची दोन हाडं सापडतात. चौथ्या क्लासला दुडकीत पहिल्यांदा कंबर सुटली आणि घोडीची पाठ माझ्याखाली उचलली गेल्याचं जाणवलं. आता उठत-बसत दुडकी करताना मी घोडीच्या बाहेरच्या खांद्याबरोबर उठतेय की आतल्या, हे खाली न बघता कळतं. उतरल्यावर पाठ धरायची, तेही थांबलंय.

आता तक्रार. सातव्या क्लासला रिकिबी परत लावल्या आणि सरांचं एकच सुरू झालं, "मॅडम, उजवी कंबर मोडताय. डावीकडे घसरताय." प्रत्येक क्लासला तेच, विशेषतः उजव्या हाताच्या वर्तुळात. मी घरी भिंतीला टेकून व्यायाम केले, मॅटवर लोळले, रात्री झोपताना कंबर सरळ ठेवायची म्हणून धडपडले. अकरा क्लास, म्हणजे साडेसोळा हजार रुपये, मी स्वतःला दोष देत काढले.

मे महिन्यात एकदा लवकर पोचले. दोन्ही रिकिबींचे पट्टे सॅडलवरून काढले, बकल एकाच नंबरच्या भोकात लावले आणि खिळ्याला शेजारी शेजारी टांगले. डावी रिकीब दोन सेंटिमीटर खाली! भोकं सारखी मोजली तरी कातडं सारखं राहत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळे डावीकडूनच चढतात. दिवसाला पंधरा-वीस जण जमिनीवरून त्या एकाच पट्ट्याला लोंबकळून वर जातात, मग तो ताणणारच. पावसाळ्यात ओलं कातडं आणखी ताणतं. उपाय फुकटचा आहे, दर आठवड्याला डावा-उजवा बदलायचा. सईसकाकांना विचारलं, "पट्टे कधी बदलता?" ते म्हणाले, "तुटला की बदलतो, ताई."

पागेच्या ऑफिसात सांगितलं तर उत्तर मिळालं की दोन सेंटिमीटरने काही होत नाही, स्वारालाच मांड नसते. याचा मला खरंच राग आला. ज्या विद्येत टाच बोटभर वर गेली तरी ओरडा बसतो, तिथे दोन सेंटिमीटर किरकोळ कसे? चढायला साधा ओटाही नव्हता. तो असता तर पट्टा वाचला असता आणि घोडीची पाठही. जमिनीवरून चढताना खोगीर डावीकडे ओढलं जातं, ते तिच्या मणक्याशेजारी घासतं. माझी ही घोडी, मैना, चौदा वर्षांची आहे, शर्यतीतून निवृत्त झालेली. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकते, ती उगाच टाकत नसेल. शेवटी साडेचार हजारांची, न ताणणारी, आतून नायलॉनची जोडी मी स्वतः घेतली. हा खर्च माझा नव्हता.

पट्ट्याची ही तक्रार मी जूनमध्येच लिहून ठेवली होती. पुढचं आजचं, आणि यात मला माझंच एक म्हणणं मागे घ्यावं लागतंय.

नव्या पट्ट्यांनी घसरणं निम्म्याने कमी झालं. पण निम्मं राहिलं. माझा मुद्दा असा होता की लंजवर रिकिबी नव्हत्या तेव्हा सर एकदाही वाकडी म्हणाले नाहीत, म्हणजे दोष पट्ट्याचाच. मग नवऱ्याने फेब्रुवारीत कुंपणाबाहेरून काढलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला. घोडी पाठमोरी जाते त्या चार सेकंदांत स्पष्ट दिसतं, रिकिबी नसतानाही मी डावीकडेच बसलेय. सर वर्तुळाच्या मध्यभागी उभे होते. तिथून कान-खांदा-कंबर-टाच ही रेघ दिसते, पण बाजूला झुकलेलं दिसत नाही. ते पाठीमागून किंवा समोरूनच दिसतं. तेव्हा शिकणाऱ्यांनी महिन्यातून एक व्हिडिओ मागून काढून घ्याच.

आणि ही सवय कुठली, तेही सापडलं. बावीस वर्षं ठाणे-दादर लोकलने जातेय, डबा-छत्रीसकट बॅग कायम डाव्या खांद्यावर. डावा खांदा वर, उजवी कंबर आत. घोड्यावरही मी त्याच आकारात बसत होते. पाठीवरची सॅक घेऊन सहा आठवडे झाले, आता फरक पडतोय.

सरांबद्दलही मत बदललंय. मी व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या क्लासला स्वतः वाळूवर दंताळं फिरवलं, मला 'ए'पासून (मैदानाच्या आखूड बाजूच्या मधली खूण) उजव्या हाताचं वीस मीटरचं वर्तुळ करायला लावलं आणि उतरवून खुरांचे ठसे दाखवले. 'एक्स'वरून, म्हणजे मैदानाच्या मध्यबिंदूवरून, जायला हवी ती रेघ तीन पावलं पलीकडे गेली होती. वजन बाहेर, म्हणून घोडीही बाहेर. त्या ठशांनी जे समजलं, ते अकरा क्लासच्या ओरडण्याने समजलं नव्हतं.

जुलैत मैदानात तळं साचून दोन क्लास बुडाले, ते मुदतीच्या नावाखाली बाद केले. तीन हजार रुपये. पाऊस मी पाडला नव्हता. त्यामुळे परवा ऑफिसला दोन अटी कळवणार आहे. पावसाने बुडालेला क्लास पुढे धरायचा आणि चढायला ओटा बांधायचा. ओट्याचं निम्मं लाकूड मी देईन. मान्य असेल तर पंधरा हजार तयार आहेत.

कालचं वर्तुळ 'एक्स'पासून एका पावलावर होतं.