अश्वगंधा घ्यावी की शतावरी?

दोन्हींच्या प्रामुख्याने मुळ्या वापरतात आणि आयुर्वेद दोघींनाही बल्य (ताकद देणारी), रसायन (शरीराचं पोषण करणारी) म्हणतो. त्यामुळे "ताकदीसाठी काहीतरी" शोधणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. मी म्हणेन, ताकद बाजूला ठेवा. तक्रार नेमकी काय आणि कोणती औषधं चालू आहेत, ते आधी बघा.

ताण आणि झोप ही तक्रार असेल तर पुराव्यांचं पारडं अश्वगंधेकडे झुकतं. बहुतेक 8 ते 12 आठवड्यांच्या, छोट्या चाचण्यांत मुळांचा अर्क घेणाऱ्यांचा ताण कमी झाला आणि झोप थोडी सुधारली. त्याहून जास्त काळ रोज घेण्याची हमी या चाचण्या देत नाहीत. शिवाय हिचे धोकेही खरे आहेत. यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. थोडेच, पण आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगभर खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा. थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, म्हणून ते आधीच जास्त असलेल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. गरोदरपणात तर नकोच. झोपेच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय सुरू करू नका. डेन्मार्कने 2023 मध्ये हिच्यावर बंदीच घातली.

शतावरीची ख्याती बाळंतिणीचं दूध वाढवण्याची. तिथले अभ्यास मोजके आणि त्यांचा मेळ बसत नाही: एकात प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) वाढलं, दुसऱ्यात काहीच फरक पडला नाही. दूध कमी वाटत असेल तर बाळ नीट ओढतंय का आणि दिवसातून किती वेळा पाजलं जातंय, हे आधी पाहावं. बऱ्याचदा अडचण तिथेच सापडते. शतावरी सौम्य समजली जाते, पण कमी तपासलेली वनस्पती म्हणजे निर्धोक वनस्पती नव्हे. तिच्यात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखे घटक असल्याने स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेल्यांनी ती टाळावी. अ‍ॅस्परॅगस या शतावरीच्याच कुळातल्या भाजीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही.

घ्यायचं ठरलंच, तर डबा नीट वाचा. अश्वगंधेत पानं नकोत, फक्त मूळ हवं. आणि जड धातूंची तपासणी झालेलीच वस्तू घ्या: 2008 मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.