‘रेडी रीफ सेट’ मागवण्याआधी हे वाचा

घरात छोटा मरीन टँक, म्हणजे समुद्राच्या खाऱ्या पाण्याची काचेची टाकी करायची, त्यात दोन कोळंब्या, तीन-चार खेकडे, एखाद-दुसरं कोरल (प्रवाळ) ठेवायचं असं मनात असेल, आणि कुणी ‘रेडी रीफ सेट, ६० लिटर, सगळं एकाच पार्सलमध्ये घरपोच’ असं सांगत असेल, तर आधी हे वाचा आणि मग काय ते ठरवा. माझे २८,००० रुपये गेले. पण पैशांपेक्षा राग त्या सापळ्याचा आहे. तो समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच लावलेला आहे, आणि त्यात अडकलेल्याने तोंड उघडू नये याचीही सोय त्यात आधीच करून ठेवलेली आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा. खतं, बियाणं, फवारणीची औषधं असं माझं कृषी केंद्र आहे. मुलगी नववीत. मुंबईला आत्याकडे गेली असताना शेजारच्या घरी तिने असा टँक पाहिला आणि तेव्हापासून माझं डोकं खाल्लं. चौकशी करता करता एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. त्याचं नाव इथे देत नाही, तक्रार चालू आहे. बोलायला माणूस एकदम गोड. ‘भाऊ, छोटा टँक म्हणजे डोक्याला ताप नाही. पाणी कमी, खर्च कमी, मेंटेनन्स नाहीच.’

हे पहिलं खोटं आणि सगळ्यात जास्त खपणारं. समुद्राच्या टँकचं गणित उलटं असतं, पाणी जितकं थोडं तितकं ते लवकर बिघडतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ६० लिटरच्या टँकमधून तीन लिटर पाणी उडून गेलं, तर क्षार मागेच राहतात आणि ३५ चे जवळपास ३७ होतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये उघड्या टँकमधून पाणी उडायला कितीसा वेळ लागतो? ती तूट रोज गोड्या पाण्याने भरावी लागते, तेही क्षार पूर्ण काढलेल्या. बोअरचं पाणी चालत नाही, जारचंही नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कोरलला पाणी २४ ते २६ अंशांचं लागतं. ३० च्या वर ते काही दिवस राहिलं की कोरल रंग टाकून पांढरं पडायला लागतं. भुसावळ-जळगावचा पारा ४५ पार करतो तेव्हा घरातल्या टँकचं काय होणार, हे मी त्याला सरळ विचारलं. पाणी थंड ठेवणारं यंत्र, चिलर, लागेल ना? चिलरची किंमत ऐकली की निम्मी गिऱ्हाइकं पळतात हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणाला, ‘सेटमध्ये फॅन येतो भाऊ, चार डिग्री आरामात खाली.’ आता फॅनने पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे. खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट, मग पाणी उडतही नाही आणि गारही होत नाही. आणि कूलरशिवायचं घर खानदेशात मे महिन्यात कुणी दाखवून द्यावं.

सेटचे व्हिडिओ मात्र फार देखणे होते. निळ्या उजेडात डुलणारी कोरलं, खडकाच्या कपारीतून मिशा हलवणारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. ‘आत्ताच काढला बघा तुमच्यासाठी’ असं म्हणून तो पाठवायचा. टँकच्या मागे भिंतीवर एक घड्याळ दिसायचं. सकाळच्या व्हिडिओत चार वाजून वीस मिनिटं, रात्रीच्या व्हिडिओतही चार वाजून वीस मिनिटं. हे मुलीने पकडलं, पण तोवर पैसे गेले होते. पैसे मागितले ते पूर्ण आणि आगाऊ, यूपीआयवर, तेही दुकानाच्या नावाने नाही तर भलत्याच व्यक्तीच्या खात्यावर. बिल मागितलं तर ‘पार्सलसोबत येईल.’ ते कधीच आलं नाही.

ट्रॅव्हल्सने सकाळी थर्माकोलचं खोकं उतरवलं. टँक, पंप, दिवा, फॅन, दगड, मिठाची पिशवी, दोन बाटल्या, आणि त्याच खोक्यात पाण्याच्या पिशव्यांमध्ये जीव.

सापळ्याची कळ इथेच आहे. मरीन टँक भरल्या दिवशी त्यात जीव सोडत नाहीत. दगडात आणि वाळूत जिवाणू बसावे लागतात. ते जीवांच्या घाणीतून पाण्यात सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. प्रामाणिक विक्रेता आधी टँक, दगड आणि मीठ देतो, मग अमोनिया शून्यावर आल्याची खात्री करून जीव पाठवतो. हा माणूस सगळं एकदम पाठवतो, कारण पिशवीत तडफडणारा जीव समोर असला की गिऱ्हाईक काहीच तपासत बसत नाही. पाणी कर, मीठ ओत, जीव सोड. शिवाय त्याची हमी फक्त ‘पिशवी न उघडता, पोहोचल्यापासून दोन तासांत काढलेल्या व्हिडिओपुरती.’ पिशवीत जीव जिवंत होते, म्हणजे तिथेच त्याची जबाबदारी संपली.

मिठाच्या पिशवीवर परदेशी वाटावं असं रंगीत लेबल होतं. पण बॅच नंबर नाही, लिटरला किती ग्रॅम घ्यायचं ते नाही, आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवावं तसं वाकडंतिकडं बंद केलेलं. बोगस खतं बघून बघून आमची नजर अशा ठिकाणी आपोआप जाते. दुकानातला पोऱ्या मदतीला घरी आला होता. त्याने चिमूटभर तळहातावर घेतलं आणि म्हणाला, ‘अण्णा, हाई ते आपलं मीठच शे ना!’ खडे साखरेपेक्षा मोठे, मधूनच मातकट. विरघळल्यावर बादलीच्या तळाशी गाळ.

मी लगेच फोन लावला. त्याचं उत्तर तयारच होतं, ‘रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन) रीडिंग घ्या आणि फोटो पाठवा.’ घेतलं. बरोबर ३५. ‘मग? बघा, ओरिजिनल आहे.’ इथे भल्याभल्यांचा आवाज बंद होतो. पण रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात विरघळलेलं किती आहे एवढंच सांगतो, काय विरघळलंय ते नाही. आमटीतलं मीठ घातलं तरी तो ३५ दाखवेल. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं. कोळंबी-खेकड्यांना कात टाकून नवं कवच घट्ट करायला आणि कोरलला सांगाडा बांधायला ते लागतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात समुद्री जीव टिकत नाही. मी त्या मिठाचं द्रावण पुढे जळगावला माती-पाणी तपासणीला दिलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम दोन्ही नावापुरतं. तो कागद तक्रारीला जोडला आहे. तुम्हाला एवढं लांब जायचं नसेल तर कॅल्शियमचं टेस्ट किट मिळतं, ते मिठाबरोबरच घ्या आणि पहिलं पाणी बादलीतच तपासा.

पट्ट्यांच्या दोन्ही कोळंब्या खऱ्या होत्या, क्लीनर श्रिम्प म्हणतात त्या. अख्ख्या पार्सलमध्ये खरी वस्तू तेवढीच. त्या रात्र काढू शकल्या नाहीत. (एक सांगून ठेवतो, कोळंबी कात टाकते तेव्हा मिशांसकट अख्खं पारदर्शक कवच तळाशी पडतं आणि नवख्याला ती मेली असंच वाटतं. आमच्याकडे दुर्दैवाने कात नव्हती.)

खेकड्यांची गंमत वेगळीच. ‘रीफ हर्मिट क्रॅब’ म्हणून आलेल्या शंखातल्या खेकड्यांच्या शंखांवर निळा-लाल ऑइलपेंट लावलेला. पाण्यात सोडल्यापासून ते एकच काम करत होते, पंपाच्या वायरवरून वर चढायचं. एक वर पोहोचला की दुसरा त्याच्या शंखावर पाय देऊन चढायचा. मुलगी त्यांना हळूच खाली ठेवायची, ते पुन्हा वायर धरायचे. ती म्हणाली, ‘पप्पा, यांना पाणी नकोय.’ खरंच नको होतं. ते जमिनीवर राहणारे शंख-खेकडे होते. त्यांच्या कल्ल्यांना ओलावा लागतो, पण कायम पाण्यात ठेवले तर ते बुडून मरतात. किनाऱ्यावर ते फुकट सापडतात आणि असे सेट विकणारे तेच ‘मरीन’ म्हणून खपवतात. आम्ही त्यांना ओल्या वाळूच्या क्रेटमध्ये हलवलं, एक वाटी खारं पाणी, एक वाटी गोडं, आणि बदलायला मोठे रिकामे शंख. रंगवलेला शंख कुणी देत असेल तर तो जीव घेऊच नका, रंगाचे कपचे निघून त्यांच्या पोटात जातात.

आता बाटल्यांकडे या. एका बाटलीवर ‘बॅक्टेरिया’. वास ना चव, पाणीच म्हणायला हरकत नाही. दुसरी ‘फ्री गिफ्ट, रोगनाशक, आठवड्याला दहा थेंब’. आत निळंशार पाणी. हा निळा रंग मी गेली कित्येक वर्षं रोज बघतो. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, करताना शेतकरी त्यात विळ्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोरचूद मोकळं राहिलं. मी दुकानातून कोरा खिळा आणला, कानसीने घासला आणि थोडं औषध वाटीत घेऊन त्यात उभा केला. थोड्या वेळाने बाहेर काढला तर बुडालेला भाग तांबडा, वरचा तसाच पांढरा. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार! तांब्याची औषधं माशांच्या काही रोगांवर वापरतात, मासे ती मापात सोसतात. कोळंबी, खेकडे, गोगलगाई आणि कोरल यांना तांबं म्हणजे विष, आणि दगड-वाळूत एकदा मुरलं की ते नंतर हळूहळू पाण्यात सुटत राहतं. ही बाटली चुकून गेलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ-पंधरा दिवसांनी कुणाचे जीव वाचलेच, तर ते या थेंबांनी मरावेत आणि दोष ‘तुमच्या पाण्याचा’ निघावा, अशी ती योजना आहे. मी ती टाकीत ओतली नाही म्हणून दाखवायला पुरावा उरला.

आणि कोरल. गुलाबी आणि पोपटी रंगाचा मुठीएवढा तुकडा, नागमोडी खाचांचा. ‘ब्रेन कोरल, अजून उघडलं नाही, चार दिवस द्या.’ दुसऱ्या दिवशी टँकच्या पाण्यालाच गुलाबी झाक आली. ओल्या कापसाने घासलं तर कापूस रंगला आणि खाली पांढराफटक सांगाडा. कधीतरी मेलेलं कोरल रंगवून दिलेलं. ‘लाइव्ह रॉक’ (जिवाणू बसलेला ओला दगड) म्हणून आलेला दगडही कोरडा ठणठणीत होता.

मी पैसे परत मागितले तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा बदलला. ‘तक्रार करा ना भाऊ. फक्त तुमच्या घरात शेड्युल वनचं कोरल आहे एवढं लक्षात ठेवा. तीन वर्षं आत जाल.’

यातली कायद्याची बाब खरी आहे, म्हणून माणूस गारठतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ पासून प्रवाळ खडक बांधणारी सगळी कडक कोरलं त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. काळी प्रवाळं, फायर कोरल आणि सी फॅनही. जिवंत असो की वाळलेला सांगाडा, ते विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. म्हणजे रंगवलेला तो तुकडा फक्त फसवणुकीचा माल नव्हता. गिऱ्हाइकाचं तोंड बंद ठेवायचं कुलूप होतं ते.

माझा एक वकील मित्र आहे. तो म्हणाला, घरात एक दिवसही ठेवू नको. फेकूही नको. सगळे चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि पार्सलची पावती जोडून लेखी अर्जासह वन खात्यात स्वतः नेऊन दे आणि पोच घे. सातपुड्याच्या पायथ्याशी वन खातं म्हटलं की साग आणि बिबट्या आठवतो, समुद्रातलं कोरल घेऊन तिथे जाताना मलाच विचित्र वाटत होतं. साहेबांनी तुकडा उलटसुलट पाहिला, पंचनामा केला, ताब्यात घेतला, माझा जबाब लिहिला. घाबरवलं नाही. तुमच्याबाबतीत कसं होईल याची हमी मी देऊ शकत नाही, म्हणून आधी वकिलाशी बोला, पण धमकी ऐकून गप्प बसू नका.

पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरचं खातं गोठवण्याची शक्यता जास्त असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, तो अर्जही तयार आहे.

ज्यांना तरीही टँक करायचाच आहे त्यांना माझं एकच म्हणणं. विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर एका कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून टँकच्या काचेला लावायला सांगा. खरा असेल तर हसत लावेल. आणि जीव नंतर घेईन, आधी फक्त मीठ, दगड आणि टेस्ट किट पाठवा असं सांगून बघा. आमच्या माणसाला माझ्या मेहुण्याने दुसऱ्या नंबरवरून हेच सांगितलं, तर म्हणाला, ‘सेट तोडून देत नाही.’

त्याचा जुना नंबर आता बंद आहे. मागच्या आठवड्यात अमळनेरच्या एका ओळखीच्याने मला ‘घ्यावा का?’ असं विचारत एका नव्या नंबरवरून आलेला व्हिडिओ पाठवला. दुकानाचं नाव वेगळं, आवाज वेगळा, दर ३२,०००. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झालेली होती. तोही नंबर मी तक्रारीत टाकला आहे.