धातू की रेझिन? किंमत ठरवण्याआधी एवढं बघा

मिनिएचर, म्हणजे सैनिक-ड्रॅगनसारख्या छोट्या मूर्ती, ओतून विकायचं ठरलंय, मूळ शिल्प हातात आहे आणि घोडं अडलंय ते एकाच जागी: कथलाच्या मिश्रधातूत ओतायच्या की पॉलियुरेथेन रेझिनमध्ये (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं प्लास्टिक)? मी दोन्ही करून पाहिलंय, आधी रेझिन आणि मग धातू. नाकडोळे कशात जास्त रेखीव उतरतात या वादात मी शिरत नाही, साचा चांगला असेल तर दोन्हींत उतरतात. प्रिंटर आणि इंजेक्शनचं प्लास्टिकही बाजूला ठेवतो. प्रिंटरवर किंमत ठरते ती मुख्यतः वेळेवर आणि प्लास्टिकच्या पोलादी साच्याचा खर्च हजारोंनी नग खपले तरच निघतो. इथे प्रश्न फक्त मालाचा आणि त्यावरून लावायच्या किमतीचा आहे.

पहिली फसगत होते ती वजनात. माल आपण किलोने घेतो आणि विकतो मात्र आकाराने. कथलाची घनता 7.3, तर रेझिनची 1.1 च्या आसपास. माझा 28 मिमीचा पायदळी सैनिक धातूत साधारण 15 ग्रॅम भरतो, तोच रेझिनमध्ये सव्वादोन. म्हणजे दोन्हींचा किलोचा भाव अगदी सारखा असता, तरी धातूच्या सैनिकाला साडेसहापट माल लागला असता. त्यातून कथील किलोमागेही महाग, आणि टपालाला जड ते वेगळंच. कागदावर रेझिन सरळ जिंकतं. मीही याच हिशेबावर रेझिन घेतलं होतं.

शिसं मिसळून धातू स्वस्त करावा असं काही जण सुचवतात. तिथेही हाच चकवा आहे. शिशाची घनता 11.3, त्यामुळे तेवढ्याच साच्यात जास्त किलो जातात आणि दरपत्रकावर दिसते तेवढी बचत हाती येत नाही. शिवाय ते विषारी. मूर्ती घासताना उडणारी पूड कुणाच्या तरी हाताला लागणार, हे माहीत असताना मला ते पटलं नाही.

आता धातूविरुद्धचा खरा मुद्दा, म्हणजे भावाची चढउतार. लंडनच्या धातू बाजारात मार्च 2020 मध्ये कथील टनाला 15 हजार डॉलरच्या खाली गेलं होतं. दोन वर्षांनी, मार्च 2022 मध्ये, त्याने 50 हजारांना हात लावला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते पुन्हा 20 हजारांखाली आलं. जगातलं जवळपास निम्मं कथील सोल्डरमध्ये जातं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांची भूक वाढली की भाव चढतो, आपल्या चार लाद्यांना तिथे कोण विचारतो! 2024 मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हाही काळजी वाटली होती, कारण कथलाला कडकपणा येतो तो त्यानेच.

पण हा आकडा एका सैनिकावर आणून बघा. 15 ग्रॅम शुद्ध कथील धरलं, तर 15 हजारांच्या भावाने साडेबावीस सेंट आणि 50 हजारांच्या भावाने 75 सेंट. भाव तिपटीहून वर गेला, पण नगामागे फरक पडला अर्ध्या डॉलरचा. तो लहान नाही, पण तो आधी दिसतो. रोजचा भाव जाहीर असतो. उतरला की चार लाद्या जास्त घ्यायच्या, चढला की किंमत किती वाढवायची ते नेमकं सांगता येतं आणि गिऱ्हाइकाला कारणही देता येतं.

रेझिनचं नेमकं इथेच बिनसतं, आणि माझा निर्णय ज्यामुळे फिरला ती गोष्ट हीच: उघडलेला डबा. पॉलियुरेथेनच्या दोन भागांपैकी एकात आयसोसायनेट असतं. त्याला हवेतला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओतलेल्या मूर्तीत बुडबुडे धरतात. झाकण कितीही घट्ट लावा, डबा एकदा उघडला की त्याचे दिवस भरत जातात. माझ्याकडे मागणी अशी यायची की एका आठवड्यात चाळीस नग, मग दीड महिना शुकशुकाट. मग कुणीतरी सहा नग मागायचं. अर्धा डबा काढावा, दोन्ही भाग मोजून घ्यावेत, नीट ढवळून ओतावं, आणि साचा उघडला तर सैनिकाच्या पाठीवर फेस. तो नग गेलाच, उरलेला डबाही गेला. कोरडा वायू फवारून झाकण लावण्याचा उपाय मी केला. थोडे दिवस जास्त मिळाले, एवढंच.

एकदा वर्षभराचे डबे मोजले तेव्हा दिसलं की घेतलेल्या रेझिनचा जवळपास तिसरा हिस्सा एकाही मूर्तीत गेला नव्हता. मग किंमत लावायची कशावर? सव्वादोन ग्रॅमवर, की फेकलेल्या डब्यावर? पहिल्या हिशेबाने मला तोटा, दुसऱ्याने गिऱ्हाइकावर अन्याय. आणि पुढचा डबा किती टिकेल ते कुठल्याच बाजारात छापून येत नाही.

याउलट धातूची लादी फळीवर वर्षभर पडून राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. भाला अपुरा आला, तलवार तुटली, तरी नग मुशीत परत. ओतताना राहिलेले फाटेही परत. वर साचणारी राख काढावी लागते, तेवढीच काय ती घट. चूक झाली की वेळ आणि इंधन जातं, माल जात नाही. साच्याचंही तसंच: रेझिनने माझे सिलिकॉनचे साचे तीस-चाळीस ओतींत कडक होऊन फाटायचे, धातूसाठी लागणारी व्हल्कनाइझ केलेल्या (भाजून पक्क्या केलेल्या) रबराची साच्याची चकती शेकड्यांनी नग देते. त्यामुळे साच्याचा वाटा धातूच्या किमतीत जेमतेम दिसतो, रेझिनच्या किमतीत तो मालाच्याही वर जातो.

सुरुवातीचा खर्च मात्र धातूला जास्त, हे मान्य करायला हवं. साचा फिरवणारं यंत्र, चकती भाजायचा दाबयंत्राचा ओव्हन, भट्टी. ज्यांची मागणी रोजची आहे, डबा उघडला की दोन दिवसांत संपतो, त्यांना मी रेझिन सोडा असं म्हणणार नाही. कदाचित त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा चांगलाच बसेल. पण मागणी तुटक असेल आणि मूर्ती 28 मिमीच्या असतील, तर माझं पारडं धातूकडे झुकतं.

आकार वाढला की गणित उलटतं. 28 वरून 54 मिमीवर गेलं की उंची दुपटीलाही पोचत नाही, पण माल सातपट लागतो. ड्रॅगन, तोफगाडा, घोड्यासकट स्वार असलं काही भरीव धातूत ओतलं तर किंमत ऐकूनच माणूस परत जातो. त्यामुळे मोठे नग मी अजूनही रेझिनमध्येच करतो, फक्त पद्धत बदलली आहे. महिनाभर मागण्या गोळा करतो, एका डब्यापुरत्या झाल्या की सकाळी डबा उघडतो आणि संध्याकाळपर्यंत रिकामा करतो. मागण्या तेवढ्या जमल्या नाहीत, तर गिऱ्हाइकाला पुढच्या महिन्याची तारीख देतो.