डिझाइनची दहा वर्षं संपताना: मुदतवाढ घ्यावी की नावावर भर द्यावा?

रबाळ्याला आमच्या प्लास्टिकचे डबे बनवायच्या दोन इंजेक्शन मोल्डिंग मशीन आहेत. मसाल्याच्या डब्याच्या लाटांच्या आकाराच्या झाकणाचं डिझाइन, म्हणजे त्याचं रूप, नोंदवलेलं होतं, डब्याच्या नावाचा ट्रेडमार्कही होता. डिझाइनच्या नोंदणीची दहा वर्षांची मुदत संपत आली की पैसे कुठे घालायचे, हा प्रश्न मलाही पडला होता.

मुदतवाढीची बाजू लंगडी नाही. नक्कल करणाऱ्याने स्वतःचं नाव छापलं तरी आकार आपला म्हणून त्याला अडवता येतं. ट्रेडमार्कला ते जमत नाही. आकाराचाही ट्रेडमार्क होतो म्हणतात, पण ज्या आकारामुळेच वस्तूला मोल येतं तो कायद्याला चालत नाही. अर्थात मुदतवाढ एकदाच, पाच वर्षांची. पंधरा वर्षांनी झाकण सगळ्यांचं, आणि तेच पुन्हा नोंदवता येत नाही, कारण ते नवं राहिलेलं नसतं.

माझं मन उडालं ते तारखेपायी. मी दहा वर्षं मोजत होतो प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवसापासून; मुदत धावते अर्जाच्या तारखेपासून. चूक माझीच. नोंदणी संपल्यापासून वर्षभरात ती पुन्हा जिवंत करता येते, तशी मी केलीही. पण मधल्या काळात जांभळी नाक्यावर एक डबा दिसला. आमच्या डायला, म्हणजे झाकणाच्या साच्याला, एकदा पान्हा लागून ओरखडा पडला होता, तोसुद्धा त्या झाकणावर जसाच्या तसा! वकिलांनी डिझाइन कायद्याचं कलम १४ दाखवलं: नोंदणी बंद पडल्यापासून ती परत मिळेपर्यंत झालेल्या नकलेवर दावा लावता येत नाही. म्हणजे शुल्क भरलं, धावपळ केली, आणि नेमके तेच महिने हातातून गेले.

ट्रेडमार्कचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी, हवं तितक्या वेळा. मुदत संपण्याआधी निबंधकाची सूचना येते, आणि तरी विसरलात तर अधिभार भरून सहा महिने मिळतात. माझ्यासारख्या विसरभोळ्याला हे बरं.

तुमचा माल निव्वळ रूपावर खपत असेल, दिव्याची शेड किंवा अत्तराची बाटली वगैरे, तर मुदतवाढ घ्यावी असं मलाही वाटतं. फक्त अर्जाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. रोजच्या वापराच्या डब्याला मात्र मी आता नाव आधी नोंदवतो. नव्या झाकणाचं डिझाइनही नोंदवलंय, पण दहा वर्षांनी ते वाढवीन असं वाटत नाही. जांभळी नाक्याचा तो दुकानदार हल्ली दोन्ही डबे ठेवतो. गिऱ्हाइकाने नाव घेतलं की आमचा काढतो.