वेट अँड फर्गेट : सायडिंगवरच्या हिरव्या शेवाळासाठी घ्यावं का?

वेट अँड फर्गेट म्हणजे भिंतीवर फवारून शेवाळ घालवायचं औषध. घ्या, पण घाई असेल तर नको.

न्यू जर्सीत व्हायनल सायडिंगचं (बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेलं) घर असेल तर उत्तरेकडची भिंत कधी ना कधी हिरवी पडतेच. आमच्या त्या बाजूला ऊन जवळपास नाहीच, भिंतीला लागून आर्बरव्हायटीच्या झुडपांची रांग, त्यात कपड्यांच्या ड्रायरचा व्हेंट (दमट हवा बाहेर टाकणारं तोंड) तिकडेच निघतो, त्यामुळे व्हेंटच्या आजूबाजूला नुसतं बोट फिरवलं तरी हिरवी पावडर हाताला यायची. आधी एकाकडून पॉवर वॉश (जोराच्या पाण्याने धुणं) करून घेतलं होतं, भिंत चकाचक झाली पण पुढच्या उन्हाळ्यात परत तेच, आणि त्याने पाण्याचा फवारा खालून वर मारला ते मला अजिबात पटलं नाही. सायडिंगच्या पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या असतात, वरून पडणारा पाऊस त्या बाहेर टाकतात पण खालून जोरात मारलेलं पाणी थेट मागे घुसतं.

वेट अँड फर्गेटमध्ये ब्लीच नाही, बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक आहे. एक भाग औषध, पाच भाग पाणी, झाडांना मारतो त्या पंपाने भिंत नीट ओली करायची आणि सोडून द्यायचं. घासायचं नाही, धुवायचं नाही. नंतर ४-५ तास पाऊस नको आणि थंडी गोठण्याच्या खाली नको, शक्यतो ढगाळ दिवस बघा म्हणजे पटकन सुकत नाही. त्या दिवशी काहीच फरक दिसत नाही हे आधीच सांगतो, हिरवा रंग हळूहळू फिका पडत जातो आणि मग पावसाबरोबर निघतो. व्हेंटखालचा जाड थर सगळ्यात शेवटी गेला. शनिवारी घरी गणपतीला माणसं येणार असतील तर हे कामाचं नाही, तेव्हा ब्लीचवालं क्लीनर लागेल, फक्त त्याच्या आधी आणि नंतर खालच्या झाडांवर भरपूर पाणी मारा नाहीतर पानं जळतात.

औषध मारायच्या आधी डेकवरच्या तुळशी-कढीपत्त्याच्या कुंड्या बाजूला घ्या, कुत्रं-मांजर भिंत सुकेपर्यंत घरात. आणि माशांना हे विषारी आहे, घरामागे तळं किंवा ओढा असेल तर तिकडे अजिबात जाऊ देऊ नका.

शेवाळ नुकतंच धरायला लागलं असेल तर एवढा खर्च कशाला, ३० टक्के पांढरं व्हिनेगर ७० टक्के पाणी आणि मऊ ब्रश, बास. पण काहीही मारलं तरी ओल राहिली की ते परत येणारच, म्हणून आम्ही झुडपं भिंतीपासून चांगली मागे छाटली, छपराच्या कडेचं गटर (पन्हळ) साफ केलं, लॉनचा स्प्रिंकलर भिंतीवर उडत होता त्याचं तोंड फिरवलं.

दुसऱ्या मजल्यासाठी यांचीच एक्स्ट्रीम रीच नावाची बाटली मिळते, ती थेट बागेच्या पाण्याच्या होजला (पाइपला) लागते, पाणी मिसळायची भानगड नाही आणि जमिनीवरून उभं राहून मारता येतं. दुमजली घर असेल तर तीच घ्या, शिडीवर चढून पंप मारत बसू नका.